धर्माच्या गाईचे दात

'जकात' हा शब्द मराठीत दोन घरी नांदला. एका घरी तो शहराच्या वेशीवरच्या नाक्यावर बसला. मालाची गाडी आली की आडवा बांबू खाली यायचा, पावती फाटायची आणि मगच गाडी शहरात शिरायची. मुंबईतली ही जकात 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा संपली. दुसऱ्या घरी, म्हणजे आपल्या घरी, हा शब्द अजून नांदतो आहे. वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीचा चाळिसावा हिस्सा, शेकडा अडीच रुपये, गरजूंसाठी काढून देणे हा त्याचा इथला अर्थ. मराठी बोलणाऱ्या बहुसंख्य लोकांना पहिलाच अर्थ ठाऊक होता. आपल्याला दोन्ही ठाऊक होते. तरीही पहिल्या अर्थाची सावली दुसऱ्यावर पडलीच. रमजान आला की आपण हिशेब करतो, रक्कम बाजूला काढतो, दारी येईल त्याच्या हातावर ठेवतो आणि आपली गाडी नाका ओलांडते. नाक्यावर पैसे भरणारा त्या पैशाचे पुढे काय झाले हे विचारत नाही. आपणही फारसे विचारत नाही.

किती द्यायचे, याबद्दल शरीयतने संदिग्धता ठेवलेली नाही. कोणाला द्यायचे, याचे आठ वर्ग कुरआनच्या सूरह तौबामध्ये सांगितले आहेत. गाठ आहे ती तिसऱ्या प्रश्नाशी. कसे द्यावे, कोणामार्फत द्यावे आणि एकदा दिल्यावर त्या पैशावर शब्द कोणाचा चालावा? देणाऱ्याचा, घेणाऱ्याचा, की ज्या वस्तीत दोघे राहतात त्या वस्तीचा? हा प्रश्न व्यवस्थेचा वाटतो, पण मुळात तो नीतीचा आहे. त्याचे उत्तर आपण जसे देऊ, तशी घेणाऱ्याची मान वर राहील किंवा खाली जाईल.

मराठीत एक म्हण आहे : धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत. गाय विकत घेणारा माणूस तिचे दात पाहतो, त्यावरून वय ठरवतो आणि मग भाव करतो. फुकट मिळालेल्या गाईबाबत हा अधिकार नाही. मिळाली ती निमूट घ्यावी, बरे म्हणावे आणि घरी न्यावी. म्हण वरवर शिष्टाचाराची आहे, पण ती देणाऱ्याच्या सोयीची आहे. दात मोजले जाणार नाहीत याची खात्री असली की गोठ्यातली म्हातारी, भाकड गाय दान करता येते. कठोपनिषदातल्या नचिकेताला बापाविषयी जी चिंता वाटली, ती अशाच गाई पाहून. चिंता जुनी आहे आणि ती एका धर्माची नाही.

कुरआनने या म्हणीच्या अगदी उलट बाजूने विचार केला आहे. सूरह बकरामध्ये देणाऱ्याला ताकीद आहे की, जी वस्तू स्वतःला मिळाली तर डोळेझाक केल्याशिवाय घेववणार नाही, ती दान म्हणून पुढे करू नये. म्हणजे दात देणाऱ्यानेच मोजायचे आहेत, देण्याआधी. सूरह मआरिजमध्ये याहून पुढचे पाऊल आहे. मागणाऱ्याचा आणि वंचिताचा श्रीमंताच्या संपत्तीत ठरलेला हक्क आहे, असे तिथे म्हटले आहे. 'हक्क' या शब्दावर थोडे थांबायला हवे. उपकार आणि हक्क यांत फरक हा की उपकाराला आभार लागतात आणि हक्काला हिशेब लागतो. जकात जर गरिबाचा हक्क असेल तर ती गाय धर्माची राहत नाही, आणि तिचे दात मोजण्याचा अधिकार घेणाऱ्याला आपोआप मिळतो.

आता आपल्या चालीरीतीकडे पाहू. आपण बहुतेक जण जकात हातोहात देतो. यामागे एक चांगली भावना आहे. दान उघड दिले तरी चालते, पण झाकून दिलेले अधिक चांगले, ही शिकवण सूरह बकरामध्येच आहे. उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये, हे हदीसमधले सांगणे तर मराठीत सर्वांच्या तोंडी आहे. तेव्हा मध्ये संस्था नको, पावती नको, कमिटी नको. मी, गरजू आणि अल्लाह एवढे पुरे, असे अनेकांना वाटते. या भावनेची टिंगल करण्याचे कारण नाही. अनेक घरांतली चूल याच भावनेवर पेटते. नात्यातल्या विधवेला, शेजारच्या आजाऱ्याला कोणाला न कळता पाकीट पोचते, ते याच भावनेने.

पण झाकून देण्याच्या हेतूने सुरू झालेले हातोहात देणे शहरांत पुष्कळदा अगदी उघडे होते. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत पेढ्यांसमोर, बंगल्यांसमोर रांगा लागतात. रांगेत बहुतांश बाया असतात, कडेवर पोर असते. दोनशे रुपये, एक साडी, पाच किलो तांदूळ. अलीकडे त्याचा फोटोही निघतो. देणाऱ्याचे नाव गुप्त राहो न राहो, घेणारीचा चेहरा मात्र सगळ्या मोहल्ल्याला दिसतो. डाव्या हातापासून लपवायचे ते आपण घेणारीच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवतो. दिलेल्याची आठवण करून देऊन आणि मन दुखावून आपला सदका वाया घालवू नका, ही कुरआनची सूचना शब्दांच्या टोचणीपुरती मर्यादित नाही. रांग हीही टोचणीच आहे.

एप्रिल 2023 मध्ये, रमजानच्या अखेरीस, येमेनच्या सना शहरात व्यापारी मंडळी एका शाळेच्या आवारात रोख मदत वाटत होती. एकेकाच्या वाट्याला आपल्या हिशेबाने हजाराच्याही आतली रक्कम येणार होती. गर्दी उसळली, चेंगराचेंगरी झाली आणि किमान 78 माणसे मेली. देणाऱ्यांची नियत खोटी होती असे म्हणण्याला काही आधार नाही. पण इतकी माणसे एकाच दाराशी, एकाच वेळी, एवढ्याशा रकमेसाठी यावीत, ही रचनाच माणसाच्या जिवाला आणि प्रतिष्ठेला भारी पडणारी होती. नियत देणाऱ्याचा आखिरतमधला हिशेब नीट करील. घेणाऱ्याचा इथला दिवस नीट करायला तेवढ्याने भागत नाही.

आणि येमेनचे नाव निघाले की हजरत मुआज बिन जबल (रजि.) आठवतात. पैगंबरांनी (स.) त्यांना येमेनला पाठवले तेव्हा दिलेल्या सूचनांत एक अशी होती की, तिथल्या धनवानांकडून जकात घ्यावी आणि तिथल्याच गरिबांना परत करावी. या सूचनेत तीन गोष्टी आहेत. पहिली, मध्ये एक माणूस आहे. देणारा थेट देत नाही, नेमलेला माणूस गोळा करतो आणि वाटतो. जकातीच्या आठ वर्गांत तर वसुलीचे काम करणाऱ्यांचाही वाटा आहे. म्हणजे व्यवस्था असावी आणि व्यवस्थेला खर्च येतो, हे मान्य आहे. दुसरी, पैसा जिथला तिथेच राहावा. तिसरी गोष्ट 'परत' या शब्दात आहे. श्रीमंताकडे जे साठले ते त्या वस्तीतूनच साठले. ते वस्तीला परत जाते. बाजारात गिऱ्हाईक आले म्हणून दुकान चालले, हमालाने पोती उचलली म्हणून माल हलला. तेव्हा दान कशाचे? परतफेड म्हणा.

कोकणातले आपण बहुतेक शाफई. शाफई फिक्हमधले प्रचलित मत या बाबतीत कडक आहे : जिथे संपत्ती आहे तिथे गरजू असताना जकात गावाबाहेर नेऊ नये. पण कोकणचा माणूस चार पिढ्या गावाबाहेरच कमावतो आहे. आधी तो जहाजावर गेला, मुंबईच्या गोदीत गेला. कोणी आफ्रिकेत केपटाऊनपर्यंत पोचला. पुढे कुवेत, दुबई, कतार आले. त्याची संपत्ती एका देशात, आई दुसऱ्या देशात, आणि त्याला कबर हवी असते ती तिसऱ्याच ठिकाणी, गावच्या मशिदीमागे. त्याचे 'तिथले' गरीब कोणते? लेबर कॅम्पात शेजारच्या खाटेवर झोपणारा केरळचा किंवा बिहारचा मजूर, की रत्नागिरीतल्या आपल्या वाडीतली म्हातारी? फिक्हचे नियम ज्या काळात ठरले त्या काळात माणूस आणि त्याचा पैसा सहसा एकाच गावात असत. आज आपल्याला 'स्थानिक' या शब्दाचा अर्थ नव्याने लावावा लागतो. ज्यांच्या सुखदुःखाची आपल्याला माहिती आहे आणि ज्यांना आपल्याकडे हिशेब मागता येतो, ते आपले स्थानिक, असा अर्थ आम्ही सुचवतो. तो घेतला तर लेबर कॅम्पातला मजूरही त्यात येतो आणि वाडीतली म्हातारीही.

कोकणाने या अडचणीतून वाट काढली ती जमातीची. गावाच्या नावाने मुंबईत खोली असे. जहाजावर चढणारा किंवा नोकरी शोधणारा पोरगा तिथे उतरे. खोलीचे भाडे गावची माणसे वर्गणीने भरत. आखातात गेलेल्यांनी तीच रीत पुढे नेली. गावाच्या नावाची कमिटी, दर महिन्याची ठरलेली वर्गणी, गावात जमातीचे सदर आणि खजिनदार. त्या पैशातून दवाखान्याचे बिल जाते, बारावीनंतरची फी जाते, पावसाळ्याआधी कोणाचे कौल बदलून मिळते, कफनदफन होते. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगडच्या किनाऱ्यावरची छपरे उडवली आणि जुलै 2021 मध्ये महाड-चिपळूण पाण्याखाली गेले, तेव्हा अशा व्यवस्थेचे मोल कळण्यासारखे होते. बाहेरून आलेली मदत रस्त्याच्या कडेच्या घरांना आधी मिळते. आतल्या वाडीत कोण अंथरुणाला खिळलेले आहे, कोणाचा मुलगा परदेशातून पैसे पाठवत नाही, हे गावालाच ठाऊक असते.

जगात ज्याला कम्युनिटी फाउंडेशन म्हणतात, त्याचा गाभा याहून फार वेगळा नाही. एका शहरातले अनेक लहानमोठे दाते आपला पैसा एका ठिकाणी ठेवतात. मुद्दल राखले जाते, उत्पन्न त्या शहराच्या गरजांवर खर्च होते आणि कोणत्या गरजा हे शहरातली नेमलेली माणसे ठरवतात. याची सुरुवात अमेरिकेत क्लीव्हलंड शहरात 2 जानेवारी 1914 रोजी झाली. फ्रेडरिक गॉफ नावाचे वकील त्या वेळी एका ट्रस्ट कंपनीचे प्रमुख होते. मृत्युपत्रांनी ठेवलेला पैसा अटींमध्ये कसा अडकून पडतो, हे ते रोज पाहत. त्यांनी पाच जणांची वाटप समिती सुचवली. तिचे सर्व सभासद बँकेने नेमायचे नव्हते; काही महापौराने आणि न्यायाधीशांनी नेमायचे होते. आपल्याकडे मुंबईत 1991 मध्ये बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट याच धर्तीवर सुरू झाला.

मुद्दल राखावे आणि फळ वाटावे, ही कल्पना मात्र क्लीव्हलंडच्या कितीतरी आधीची आहे. हजरत उमर (रजि.) यांना खैबरला जमीन मिळाली. तिचे काय करावे हे त्यांनी पैगंबरांना (स.) विचारले तेव्हा सल्ला मिळाला तो हाच : मूळ अडवून ठेवा, उत्पन्न सदका करा. ती जमीन विकायची नाही, बक्षीस द्यायची नाही, वारशात वाटायची नाही. उत्पन्न गरिबांना, नातेवाइकांना, प्रवाशांना, पाहुण्यांना. वक्फच्या सगळ्या इमारतीचा पाया इथे आहे. एका माणसाचे औदार्य त्याच्या मरणाबरोबर संपू नये, ही त्यामागची दृष्टी. मात्र याच ठिकाणी आपला प्रश्न अधिक अवघड होतो, कारण देणारा मेल्यावरही त्याची अट जिवंत राहते.

अमेरिकेतल्या सेंट लुईसचे माजी महापौर ब्रायन मलानफी 1851 मध्ये वारले. पश्चिमेकडे वस्ती करायला निघालेल्या आणि वाटेत सेंट लुईसमध्ये अडकलेल्या गरीब प्रवाशांसाठी त्यांनी इस्टेटीचा तिसरा हिस्सा ठेवला. त्या काळी ही गरज खरी होती. पुढे रेल्वे आली, तसे अडकलेले प्रवासी मिळेनासे झाले आणि पैसा मात्र साठत राहिला. गॉफ यांच्या पिढीने याला 'मेलेला हात' म्हटले. मेलेला माणूस जिवंतांच्या तिजोरीवर हात ठेवून बसतो. आपल्याला हे परके वाटायला नको. मुंबईहून जेद्दाला हाजींना नेणारी जहाजे 1995 मध्ये बंद झाली. जहाजाची वाट पाहत दिवसेंदिवस मुंबईत थांबणाऱ्या हाजींसाठी मुसाफिरखाने बांधले गेले होते. विमानाच्या काळात ते थांबणे उरले नाही. पण परगावाहून टाटा रुग्णालयात कॅन्सरच्या इलाजासाठी आलेला माणूस फुटपाथवर राहतोच आहे. 'मुसाफिर' या शब्दात त्याला बसवायचे की नाही?

वाकिफने घातलेली अट ही शरीयतच्या वचनासारखी पाळावी, असे फिक्हचे सूत्र आहे. ते अनाठायी नाही. अट मोडायची सवय लागली की मुतवल्ली स्वतःच्या सोयीची अट घालतो. पण त्याच फिक्हने, विशेषतः हनफी विद्वानांनी, निकामी झालेली वक्फ मालमत्ता काझीच्या परवानगीने बदलून घेण्याची वाटही ठेवली आहे. म्हणजे देणाऱ्याच्या शब्दाला मान आहे, पण त्याच्या हेतूला त्याहून मोठा मान आहे. शब्द आणि हेतू यांची ताटातूट झाली की कोणीतरी जिवंत माणसांनी बसून ठरवावे लागते. कोणी, हाच वाद आहे.

हा वाद किती खोल जाऊ शकतो, हे बंगालच्या हाजी मुहम्मद मोहसिन यांच्या वक्फने दाखवले. मोहसिन यांनी 1806 मध्ये आपली मोठी जमीनदारी वक्फ केली आणि 1812 मध्ये ते वारले. मुतवल्लींच्या कारभाराबद्दल तक्रारी झाल्या आणि व्यवस्था कंपनी सरकारच्या हाती गेली. साठलेल्या पैशातून 1836 मध्ये हुगळीला कॉलेज निघाले. पण त्यात मुसलमान विद्यार्थी अगदी थोडे होते. एका मुसलमानाच्या वक्फचा फायदा मुसलमानांनाच होत नाही, अशी टीका वाढली. विल्यम हंटर यांनी 1871 च्या आपल्या पुस्तकात ती ठळकपणे मांडली. शेवटी 1873 मध्ये सरकारने या पैशाचा मोठा भाग मुसलमान विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांकडे आणि मदरशांकडे वळवला.

याला अन्याय म्हणायचे का? हो, वक्फचा कारभार ज्यांच्यासाठी तो होता त्यांना न विचारता फिरवला गेला. पण त्याच कॉलेजात बंकिमचंद्र चट्टोपाध्याय शिकले, हेही खरे. एका हाजीच्या वक्फवर बंगाली कादंबरीचा शिल्पकार शिकून निघाला, याचा खेद करावा असे आम्हाला वाटत नाही. खेद याचा आहे की ज्यांच्या दारातून पैसा गेला त्यांची पोरे चाळीस वर्षे दाराबाहेर राहिली आणि त्यांना कोणी विचारलेही नाही. दुसऱ्याला मिळाले हा दोष नव्हता. दात मोजण्याचा अधिकार कोणालाच नव्हता, हा दोष होता.

आजची स्थिती पाहिली तर हा दोष गेलेला नाही. सच्चर समितीने 2006 मध्ये सांगितले की देशात सुमारे 4.9 लाख नोंदलेल्या वक्फ मालमत्ता आहेत, त्यांचे क्षेत्र सुमारे 6 लाख एकर आहे आणि त्यांतून वर्षाला मिळते केवळ 163 कोटी रुपये. नीट कारभार केला तर हे उत्पन्न 12,000 कोटींपर्यंत जाऊ शकते, असा समितीचा अंदाज होता. या दोन आकड्यांमधल्या दरीत आपल्या किती मुलींची वसतिगृहे आणि किती दवाखाने गेले, याची कल्पना करावी. दोष कोणाचा? अतिक्रमण करणाऱ्यांचा आहे, ढिल्या सरकारी यंत्रणेचा आहे, आणि बापानंतर मुलगा या रीतीने मशिदीच्या गाळ्यांवर बसलेल्या आपल्याच मुतवल्लींचाही आहे. 2025 मध्ये केंद्र सरकारने वक्फ कायद्यात मोठे बदल केले. त्यावर देशभर आक्षेप निघाले आणि त्याच वर्षी 15 सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने काही तरतुदींना अंतरिम स्थगिती दिली. वक्फवर सरकारचा हात किती असावा, हा वाद महत्त्वाचा आहे आणि तो न्यायालयात व रस्त्यावर सनदशीरपणे लढवायलाच हवा. पण बाहेरच्या हाताला विरोध करताना आतल्या हाताचा हिशेब मागायचे राहून जाते. सरकारला 'हे आमचे आहे' असे सांगताना त्या 'आमचे' मध्ये गावातली विधवा धरली आहे का, हे स्वतःला विचारले पाहिजे.

कारण जमात असो की ट्रस्ट, स्थानिक संस्थेचा एक दोष तिच्या गुणातूनच येतो. तिला सगळे ठाऊक असते. मदतीची यादी ज्या बैठकीत ठरते तिथे फक्त पुरुष बसतात. तलाक मिळालेल्या एखाद्या मुलीचा अर्ज येतो आणि बैठकीत तिच्या नवऱ्याचा चुलता बसलेला असतो. मग अर्जाआधी तिच्या चालीची चर्चा होते. सदरांशी ज्याचे बांधावरून भांडण आहे त्याच्या मुलाची फी पुढच्या बैठकीवर जाते. दूरचा दाता निदान अनोळखी असतो. जवळची कमिटी ओळखीची असते आणि ओळखीचा जाच अधिक असतो. मदत देणाऱ्या हातात वाळीत टाकण्याचीही ताकद असेल, तर ती मदत राहत नाही, ती लगाम होते. हातोहात देणाऱ्या एकट्या दात्यावर आपण टीका केली, पण अशी कमिटी त्याच्याहून वाईट ठरू शकते.

इथे हजरत उमर (रजि.) यांच्या खैबरच्या जमिनीची आणखी एक नोंद सांगण्यासारखी आहे. आपल्यामागे त्या वक्फची देखरेख त्यांनी आपली मुलगी हजरत हफ्सा (रजि.) यांच्याकडे सोपवली होती. हदीसच्या सुनन अबू दाऊद या संग्रहात त्या वक्फनाम्याचा मजकूर आहे. ज्या वक्फवरून पुढचे सगळे वक्फ बेतले गेले त्याची व्यवस्था एका स्त्रीच्या हाती होती. आणि आज आपल्या किती जमातींच्या कमिट्यांत एक तरी स्त्री आहे? मदत मागणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मदत ठरवणाऱ्यांत एकही नाही, ही स्थिती परंपरेच्या नावावर खपवता येणार नाही. परंपरा उलटी साक्ष देते आहे.

एक प्रश्न उरतो, तो कुंपणाचा. स्थानिक संस्था म्हणजे फक्त आपल्यांची का? मे 2020 मध्ये, कोरोनाच्या पहिल्या लाटेत, इचलकरंजीच्या मुसलमानांनी रमजानमध्ये जमवलेले 36 लाख रुपये शहरातल्या इंदिरा गांधी स्मारक सरकारी रुग्णालयात दहा खाटांच्या अतिदक्षता विभागासाठी दिले. तो यंत्रमागांचा गाव. मजूर सगळ्या धर्मांचे. त्या खाटेवर कोण झोपणार हे आजार ठरवणार होता. जकात मुसलमान गरजूंसाठी आणि सदका सर्वांसाठी, असे बहुसंख्य फकीह मानतात आणि हा भेद पाळायचा तर दोन हिशेब वेगळे ठेवणे काही कठीण नाही. पण मोहल्ला फक्त नमाजींचा नसतो. हजरत उमर (रजि.) यांना रस्त्यात एक म्हातारा, आंधळा यहुदी भीक मागताना भेटला तेव्हा त्यांनी त्याला बैतुलमालातून नेमणूक करून दिली. तारुण्यात याच्याकडून कर घ्यायचा आणि म्हातारपणी याला वाऱ्यावर सोडायचे हा इन्साफ नव्हे, असा त्यांचा विचार होता. त्यांनी दयेचा आधार घेतला नाही. त्या म्हाताऱ्याने या राज्याला काय दिले आहे, हे मोजले. 1906 मध्ये शाहू महाराजांच्या पुढाकाराने कोल्हापुरात मोहामेडन एज्युकेशन सोसायटी आणि मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले, तेही 'आपले कोण' याचा असाच रुंद अर्थ लावल्यामुळे. त्या वसतिगृहाचा फायदा घेतलेल्या समाजाने आपला दरवाजा अरुंद ठेवणे शोभणारे नाही.

मग संस्थेतून द्यावे की हातोहात? दारात उपाशी माणूस उभा असताना त्याला जमातीच्या कार्यालयाचा पत्ता देणारा धर्म आम्हाला नको आहे. ते देणे आपले एकट्याचे आहे आणि राहील. पण भूक भागवणे वेगळे आणि भुकेचे कारण दूर करणे वेगळे. डायलिसिस वर्षानुवर्षे चालते, इंजिनिअरिंगची फी चार वर्षे भरावी लागते, टाकून दिलेल्या बाईला पोटगी मिळेपर्यंत कोर्टात खेटे घालावे लागतात. इथे एका ईदच्या पाकिटाचा उपयोग नाही. इथे टिकणारा, मुद्दल राखणारा, गावाला ओळखणारा हात हवा. तो हात मालकाचा होऊ नये यासाठी चार गोष्टी पुरेशा आहेत, आणि त्यांतली एकही अशक्य नाही. वर्षाचा जमाखर्च मशिदीच्या फलकावर लावावा आणि एका जुम्याला वाचून दाखवावा, पण घेणाऱ्यांची नावे त्यात नसावीत. अर्ज पाहणाऱ्यांत स्त्रिया असाव्यात आणि ज्याने कधीकाळी मदत घेतली आहे असा एक तरी माणूस असावा. अर्जदाराच्या नात्यातल्या किंवा वैरातल्या सभासदाने त्या वेळी उठून बाहेर जावे. आणि दर वीसपंचवीस वर्षांनी, जुन्या देणग्यांच्या अटी आणि त्यांमागचे हेतू अजून एका वाटेने चालले आहेत का, हे आलिम आणि जाणत्यांनी बसून पाहावे.

यावर आक्षेप येईल की, असे प्रश्न विचारायची घेणाऱ्यांना सवय लागली तर देणारे आखडते घेतील. काही घेतीलही. ज्यांना आभारच हवे होते त्यांची नाराजी समजण्यासारखी आहे. पण जकात आभारांसाठी काढायची नसते. अडीच टक्के बाजूला काढले त्या क्षणी ते आपले राहिलेले नाहीत. आपल्या कपाटात दुसऱ्याची वस्तू आहे. ती कोणाच्या हातून, कोणत्या वाटेने आणि किती शाबूत पोचली, हे विचारण्याचा अधिकार ज्याची वस्तू आहे त्याचाच. गाय त्याची आहे. तिचे दात त्याने मोजले तर आपण वाईट वाटून घ्यायचे कारण नाही.